नव्या बाथटबला घरचा गिझर पुरेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात बाथरूमचं काम काढलं की आधी टब पसंत होतो, मग टाइल्स लागतात. गिझरची आठवण होते ती पहिल्या थंडीत, टब अर्धा भरून नळाला गार पाणी यायला लागल्यावर. तोवर भिंती बंद झालेल्या असतात आणि जाडी पाइपलाइन किंवा मोठा गिझर बसवायचा म्हणजे पुन्हा फोडाफोडी. म्हणून हे प्रश्न टब मागवण्याआधी वाचावेत. खालचा सगळा हिशेब डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळचा आहे. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी २० अंश सेल्सिअस धरलं आहे. थंडीत जे पुरतं ते वर्षभर पुरतं.

टबला नेमकं किती पाणी लागतं?

कॅटलॉगमध्ये दिलेला आकडा बहुतेक वेळा ओव्हरफ्लोच्या भोकापर्यंतचा असतो. साडेपाच फुटी, म्हणजे १७०० बाय ७५० मिलिमीटरचा ॲक्रिलिक टब ओव्हरफ्लोपर्यंत साधारण १८० ते २२० लिटर घेतो आणि पाच फुटी टब १४० ते १७०. पण तुम्ही आत बसलात की तुमच्या शरीराएवढं पाणी वर चढतं. मध्यम बांध्याचा माणूस खांद्यापर्यंत बुडाला तर साठेक लिटरची जागा घेतो. म्हणजे २०० लिटरच्या टबात प्रत्यक्ष १४०-१५० लिटरच भरायचे. पुढचा हिशेब आम्ही १५० लिटर धरून केला आहे.

जेटवाल्या टबाचं गणित वेगळं. जेटची तोंडं पाण्याखाली असायलाच हवीत, नाहीतर पंप हवा ओढतो आणि खराब होतो. तिथे पातळी कमी ठेवून भागत नाही. दोघांसाठीचे असे टब ३०० लिटरच्या पुढे जातात.

त्यातलं गरम पाणी किती?

टबातलं पाणी ३८ ते ४० अंशांवर सुखावह वाटतं. गिझर ६० अंशांवर लावलेला असेल तर बाकीचं विसण. सूत्र असं: टबाच्या तापमानातून गार पाण्याचं तापमान वजा करा, गिझरच्या तापमानातूनही गार पाण्याचं वजा करा, पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा आणि टबाच्या लिटरने गुणा.

थंडीत: (४० − २०) ÷ (६० − २०) × १५० = ७५ लिटर गरम.
मे महिन्यात टाकीतलं पाणी ३० अंशांवर असेल तर: १० ÷ ३० × १५० = ५० लिटर.

त्यामुळे उन्हाळ्यात घेतलेल्या चाचणीवर विसंबून राहू नका.

म्हणजे ७५ लिटरचा गिझर घेतला की झालं?

नाही, आणि सर्वात जास्त लोक चुकतात ते इथेच. साठवणीच्या गिझरमधून गरम पाणी वरून बाहेर पडतं आणि त्याच वेळी खालून गार पाणी आत शिरतं. टाकीतलं साधारण ७० ते ८० टक्के पाणी निघेपर्यंत नळाला चांगलं गरम पाणी मिळतं, त्यानंतर ते झपाट्याने कोमट होतं. ७५ लिटर हाताशी हवं असेल तर ७५ ÷ ०.७५, म्हणजे १०० लिटरचा गिझर लागतो. आडवा गिझर असेल तर याहूनही थोडं मोठं माप धरा. आडव्या टाकीत गार पाण्याला वर चढायला उंचीच नसते, त्यामुळे ते गरम पाण्यात लवकर मिसळतं. फॉल्स सीलिंगमध्ये लपवता येतो म्हणून आडवा घेतात. जागा असेल तर टबासाठी उभाच घ्या.

आमच्याकडे २५ लिटरचा गिझर आहे. दोनदा तापवून भरला तर?

२५ लिटरमधून कामाचं गरम पाणी मिळतं १९ लिटरच्या आसपास. विसण घालून ते ३८ लिटर होतं. टब भरायला पंधरा मिनिटं लागली तर तेवढ्या वेळात २ किलोवॅटचं एलिमेंट आणखी वीसेक लिटर पाणी ४० अंशांपर्यंत आणू शकतं. सगळं मिळून साठ लिटर, म्हणजे टबाच्या तळाला चार-पाच इंच.

पुन्हा पूर्ण तापायला ३५ मिनिटं लागतात. तोवर आधीचं पाणी पसरट टबात निवत राहतं. अशा दोन-तीन फेऱ्या केल्या तर तासाभरापेक्षा जास्त वेळ जातो आणि शेवटी हाती येतं ते कोमट पाणी. बादलीने अंघोळ करणाऱ्या चौघांच्या घराला २५ लिटरचा गिझर छान पुरतो, टबाला पुरत नाही.

घरचा गिझर किती देतो हे मोजायचं कसं?

एक २० लिटरची बादली, एक थर्मामीटर आणि घड्याळ एवढं पुरतं. स्वयंपाकघरातला प्रोब असलेला थर्मामीटर चालतो, तापाचा नको. चाचणी थंडीत, सकाळी, घरात दुसरं कुणी पाणी वापरत नसताना करा.

१. गिझर पूर्ण तापू द्या, दिवा आपोआप बंद झाला की मेन स्विचने वीज बंद करा.
२. नुसत्या गार पाण्याचं तापमान घ्या आणि लिहून ठेवा.
३. मिक्सर असा लावा की बादलीतलं पाणी ४० अंशांवर येईल. बादली भरायला किती सेकंद लागले ते मोजा.
४. बादल्या भरत राहा. पाणी निवायला लागलं की मिक्सर गरमकडे सरकवा. पूर्ण गरमकडे नेऊनही ४० अंश मिळेनासे झाले की थांबा.
५. झालेल्या बादल्या गुणिले २०, एवढे लिटर टबाचं पाणी तुमचा गिझर एका दमात देतो.

पाणी वाया घालवू नका, पिंपात किंवा वॉशिंग मशीनला वापरा. तिसऱ्या पायरीतल्या सेकंदांवरून प्रवाहही कळतो. २० लिटरला १२० सेकंद लागले तर मिनिटाला १० लिटर, म्हणजे १५० लिटरचा टब पंधरा मिनिटांत. हे उत्तम. २४० सेकंद लागले तर अर्धा तास. तेवढ्या वेळात टबातलं पाणी एक-दोन अंशांनी उतरतं, म्हणून मोठा गिझर घेण्याआधी प्रवाहाची अडचण सोडवा.

इन्स्टंट गिझरने टब भरता येईल का?

तीन लिटरचा, ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर २० अंशांची वाढ देत मिनिटाला फक्त २.१५ लिटर पाणी देतो. १५० लिटरला सत्तर मिनिटं. ४.५ किलोवॅटचा घेतला तरी पाऊण तास लागतो. स्वयंपाकघरातल्या सिंकसाठी तो योग्य आहे, टबाचा विषय निघाला की बाजूला ठेवा.

१०० लिटरचा गिझर तापायला किती वेळ आणि किती युनिट?

१०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला ४.६५ युनिट लागतात. २ किलोवॅटला सुमारे २ तास २० मिनिटं, ३ किलोवॅटला दीड तास. त्यातून टबात जाते ती साडेतीन युनिटांची उष्णता, बाकीची टाकीत उरते. महावितरणच्या बिलात दर युनिटांच्या टप्प्यांप्रमाणे चढतो, म्हणून महिन्याचा खर्च काढताना तुमच्या बिलातल्या सर्वात वरच्या टप्प्याचा दर धरा.

मोठ्या टाकीत स्टार लेबलला महत्त्व आहे. ते तारे गिझर किती लवकर तापवतो हे सांगत नाहीत, नुसतं उभं राहून २४ तासांत किती उष्णता गमावतो हे सांगतात. रोज टब भरणार असाल तर पाच स्टारच घ्या. आठवड्यातून एकदा भरणार असाल तर एरवी हा गिझर बंदच ठेवा आणि रोजच्या अंघोळीला लहान गिझर वेगळा असू द्या. रविवारच्या टबासाठी आठवडाभर १०० लिटर पाणी तापवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

वायरिंग बदलावं लागेल का?

२ किलोवॅटला ८.७ अँपिअर, ३ किलोवॅटला १३ अँपिअर. दोन्हीला १६ अँपिअरचा सॉकेट चालतो, पण सर्किट स्वतंत्र हवं. डीबीपासून (घरातल्या मुख्य वीज-पेटीपासून) थेट ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच), नीट जोडलेलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या पहिल्या पिढीच्या इमारतींत गिझर आणि वॉशिंग मशीन एकाच वायरवर सापडतात. तिथे प्लग काळवंडणं ही पहिली खूण. मंजूर भार किती आहे तेही बिलावर पाहा. दोन गिझर, इंडक्शन आणि एसी एका वेळी चालणार असतील तर तो आधी वाढवून घ्या.

१०० लिटरच्या एका टाकीऐवजी ५० लिटरचे दोन गिझर चालतील?

चालतील, आणि बऱ्याच फ्लॅटमध्ये हाच सोयीचा मार्ग ठरतो. जोडणी एकापाठोपाठ करा: पहिल्याचं गरम पाणी दुसऱ्याच्या इनलेटला, दुसऱ्याचं टबाला. मग दुसऱ्या गिझरमध्ये गार पाणी शिरतच नाही, पहिला रिकामा होईपर्यंत तो गरमच राहतो. शेजारी-शेजारी समांतर जोडायचे तर दोन्हीकडचे पाइप सारख्या लांबीचे आणि सारख्या वळणांचे हवेत, नाहीतर पाणी जवळच्या गिझरमधूनच जातं आणि दुसरा भरलेलाच राहतो. प्रत्येक गिझरला स्वतःचा सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच. दोघांच्या मध्ये बंद करता येणारा कॉक नको. तो चुकून बंद राहिला तर पाण्याला प्रसरण पावायला जागा उरत नाही.

सोसायटीचं सोलर आहे. तेवढ्यावर टब भरेल?

पाणी भरपूर असतं, अडचण दाबाची असते. नव्या टॉवरमध्ये गार पाणी प्रेशर पंपावरून दोन-तीन बार दाबाने येतं, तर सोलरचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून नुसत्या उंचीवर उतरतं. दहा मीटर उंचीला एक बार दाब मिळतो. म्हणजे वरून दुसऱ्या मजल्यावर अर्धा बारही मिळत नाही. मिक्सर उघडला की जोरकस गार पाणी गरमच्या पाइपात उलटं घुसतं. टबात गार येतं आणि शेजारच्यांच्या गरम नळालाही गार यायला लागतं. मग मीटिंगमध्ये सोलर कंपनीच्या नावाने ओरड होते. वास्तविक कारण असतं मिक्सर.

गरम लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला तर उलटा प्रवाह थांबतो, पण गरम पाणी जोरात येत नाही. खरे उपाय दोन. टबाचं गार पाणीही गच्चीच्या टाकीवरून, त्याच दाबाने घ्या. ते शक्य नसेल तर टबावर मिक्सर लावूच नका: गरमचा एक स्वतंत्र नळ, गारचा दुसरा. पाणी पाइपात न मिसळता टबात मिसळेल आणि दाबाचं भांडणच उरणार नाही. दिसायला मिक्सरइतकं देखणं नाही, पण बिनचूक चालतं.

दुसरी गोष्ट वेळेची. अनेक सोसायट्या सोलरचा व्हॉल्व्ह सकाळी ठरावीक वेळच उघडतात. संध्याकाळी टब हवा असेल तर सोलरचं पाणी गिझरच्या इनलेटला जोडून घ्या. सकाळी नळ सोडून आतलं जुनं पाणी काढलं की सोलरचं गरम पाणी आत येतं, गिझर ते धरून ठेवतो आणि कमी पडेल तेवढंच तापवतो. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन नसतं तेव्हा मात्र विजेवरच भिस्त ठेवावी लागते, म्हणून गिझरचं माप सोलर नाही असं समजून ठरवा. आणि इनलेटला जास्तीत जास्त किती तापमानाचं पाणी चालतं ते गिझरच्या माहितीपत्रकात पाहा.

गॅस गिझर टबाला बरा नाही का?

वेगाच्या दृष्टीने बराच. मिनिटाला ६ लिटरचा गॅस गिझर २५ अंशांची वाढ धरून मोजलेला असतो. २० अंशांच्या वाढीला साडेसात लिटर मिळतात, टब वीस मिनिटांत भरतो आणि मध्येच पाणी संपण्याचा प्रश्न नाही. एका टबाला पाइप गॅस साधारण ०.४ ते ०.४५ घनमीटर जातो, सिलिंडरचा गॅस ३३० ग्रॅमच्या आसपास.

पण गॅस गिझर बाथरूमच्या आत कधीही बसवायचा नाही, खिडकी असली तरी नाही. बंद जागेत ज्योतीला प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि गरम पाण्यात पडलेल्या माणसाला चक्कर आल्याचंही कळत नाही. शॉवरला सात-आठ मिनिटं लागतात, टब भरून बसायला पाऊण तास. म्हणून टबाच्या बाबतीत हा धोका कितीतरी वाढतो. गिझर उघड्या हवेच्या ड्राय बाल्कनीत लावा. बाल्कनीला काचेच्या सरकत्या खिडक्या लावून ती बंद केली असेल तर ती जागाही चालणार नाही.

एमएनजीएलचा (महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडचा) पाइप गॅस असेल तर त्या गॅसचाच गिझर घ्या. सिलिंडरचा गिझर नुसता नळी बदलून त्यावर चालत नाही, त्याचा जेट वेगळा असतो. सर्वात वरच्या मजल्यावर आणखी एक अडचण येते: पाण्याचा दाब कमी असला तर गिझर पेटतच नाही.

टाकी डोक्यावरच आहे, नळाला धार बारीक येते. काय करावं?

आधी फुकटात होणारे उपाय. अँगल कॉक पूर्ण उघडा आहे का पाहा, मिक्सरची जाळी काढून धुवा, गिझरच्या इनलेटची गाळणी साफ करा. त्याने भागलं नाही तर टाकीपासून टबापर्यंत २० मिलिमीटरचा पाइप घ्या. अर्ध्या इंची पाइपात चार-पाच एल्बो आले की तीन मीटर उंचीचा दाब तिथेच संपतो. टबाला हाय-फ्लो डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे हे ठरवणारा कॉक) आणि स्वतंत्र स्पाउट हवा, हँड शॉवरच्या नळीतून टब भरायला तिप्पट वेळ लागतो. शेवटचा उपाय प्रेशर पंप. तो गार आणि गरम या दोन्ही लाइनना मिळून, म्हणजे गिझरच्या आधी बसवा.

उलट टोक म्हणजे उंच इमारतीचे खालचे मजले. तिथे गिझरच्या पट्टीवर ८ बार लिहिलेलं आहे याची खात्री करा.

मोठा गिझर भिंतीला पेलेल का?

१०० लिटरचा भरलेला गिझर सव्वाशे-दीडशे किलोंचा होतो. चार इंची सिपोरेक्सच्या भिंतीवर साध्या फास्टनरने तो टांगू नये. ब्लॉक भुसभुशीत असतो आणि फास्टनर हळूहळू सैल होतो. आरसीसीच्या बीमला अँकर करा, भिंतीच्या आरपार बोल्ट घालून मागे लोखंडी पट्टी द्या, किंवा जमिनीवर उभा राहणारा गिझर घ्या.

टबाखालच्या स्लॅबचाही विचार हवा. पाणी, माणूस आणि टब मिळून अडीचशे किलो सव्वा चौरस मीटरवर येतात, म्हणजे चौरस मीटरला २०० किलो. घरातल्या बाथरूमचा स्लॅब साधारण तेवढ्याच वापरभारासाठी धरलेला असतो. ॲक्रिलिक टब यात कसाबसा बसतो. दगडी चुऱ्याचा जड टब किंवा दोघांचा टब घ्यायचा तर आरसीसी कन्सल्टंटची लेखी संमती घ्या.

जड टबाने पाणी जास्त वेळ गरम राहतं, खरं का?

एकदा तापल्यावर राहतं. पण आधी तो स्वतः पाण्यातली उष्णता पितो. शंभर किलोंचा दगडी चुऱ्याचा टब थंडीत १५० लिटर पाणी दोनेक अंशांनी उतरवतो. त्याची भरपाई म्हणून आठ-दहा लिटर गरम पाणी जास्त धरा.

थर्मोस्टॅट ७० वर नेला तर लहान गिझर पुरेल?

गरम पाण्याची गरज ७५ वरून ६० लिटरवर येते, म्हणजे ८० लिटरचा गिझर चालू शकतो. पण क्षार लवकर बसतात, उष्णता जास्त वाया जाते आणि भाजण्याचा धोका वाढतो. ६० अंशांचं पाणीही पाच-सहा सेकंदांत गंभीर भाजतं. घरात लहान मूल किंवा आजी-आजोबा असतील तर टबाच्या नळाला थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवा. बादलीत आपण आधी गरम घेतो आणि मग विसण घालतो. टबात याच्या उलट करा, आधी थोडं गार सोडा. नुसतं कडकडीत पाणी भरलेल्या टबापाशी मूल क्षणभरही एकटं नको. आणि थर्मोस्टॅट ५० च्या आत कायमचा उतरवून ठेवू नका, साठलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात.

बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर?

खडकवासल्याचं पाणी मऊ आहे, त्यात गिझर वर्षानुवर्षं टिकतो. वाघोली, उंड्री, पिसोळी अशा भागांत बोअर आणि टँकरवर भागवावं लागतं. ते पाणी जड असतं आणि एलिमेंटवर पांढरा थर धरतं. तापताना केटलीसारखा आवाज यायला लागला की थर बसला असं समजा. वर्षातून एकदा टाकी रिकामी करून एलिमेंट साफ करून घ्या आणि मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड तपासा. टाकीऐवजी स्वतः झिजणारा हा दांडा असतो. तो झिजून तार दिसायला लागली की बदला, नाहीतर पुढे टाकीच गंजते.

पाण्याचा अपव्यय नाही का होत?

शहरी माणसामागे दिवसाला १३५ लिटर हा पाणीपुरवठ्याचा मानक आकडा. एक टब त्याहून जास्त आहे. म्हणून आमचा आग्रह पाच फुटी टबाचा. त्याला ९० ते १०० लिटर पुरतात, गरम पाणी ५० लिटरच्या आत येतं आणि ७० लिटरच्या आसपासचा गिझर भागवतो. जागा, वीज, पाणी तिन्ही वाचतं.

टाइल्स लावण्याआधी प्लंबरकडून काय करून घ्यावं?

गरम लाइन सीपीव्हीसीचीच आहे हे पाइपवरचा छाप वाचून पाहा, साधा यूपीव्हीसी गरम पाण्याने वाकतो. गिझर टबापासून जितका जवळ तितका बरा: पाऊण इंची पाइपात दर मीटरला पाव लिटर पाणी अडकतं, दहा मीटरला अडीच लिटर. भिंतीतल्या गरम पाइपाला फोमची नळी घाला. इनलेटला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवणार असाल तर सेफ्टी व्हॉल्व्हची नळी मोरीपर्यंत न्या. १०० लिटर तापताना दीड लिटरच्या आसपास पाणी तिथून ठिबकणारच, ती गळती नव्हे. सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड मात्र कधीही बंद करू देऊ नका. टबाच्या पुढच्या बाजूला उघडता येणारी टाइल ठेवा, नाहीतर सायफन तुंबला की टब फोडावा लागतो. आणि भिंत बुजवण्याआधी गिझर न जोडता, तोंडं बंद करून, हातपंपाने लाइनला दाब देऊन रात्रभर ठेवा. सकाळी काटा उतरलेला दिसला तर आधी तो सांधा शोधून दुरुस्त करा, मगच टाइलवाल्याला बोलवा.